जप्तीचा अधिकार आणि वाचनाचा अधिकार



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर इतिहास, साहित्य आणि धर्मचिकित्सा या विषयांवर अधिकारी पुरुषांनी व विदुषींनी विपुल विवेचन केलेले असल्यामुळे, फौजदारी कोर्टातील एका रोजच्या आणि रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नावर मला बोलू देण्यात चालकांनी औदार्यच दाखविले आहे. परंतु ज्या वकिलांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांची सारी हयात त्याच कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यात गेली, हे ध्यानात घेता माझी निवड अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

१९०८ च्या जून महिन्यात लोकमान्य टिळकांना मुंबईस सरदारगृहात अटक झाली, आणि त्यानंतर पुण्यातील त्यांच्या राहत्या वाड्याची जी झडती झाली तिच्यात पोलिसांच्या हाती एक साधे कार्ड लागले, ज्याच्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे टिपलेली होती. खटला ‘केसरी’तील लेखांबद्दलचा होता आणि त्या लेखांचा अर्थ लावण्यास या कार्डाची काडीमात्र गरज नव्हती, तथापि सरकारपक्षाने ते पुराव्यात दाखल केले, आणि नुकत्याच मंजूर झालेल्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यावर टीका लिहावयाची असल्यामुळे आपण ती नावे उतरून घेतली होती, हा खुलासा करण्याची पाळी टिळकांवर आली. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे चाललेल्या त्या खटल्यात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. कार्ड नसते तर निकाल निराळा लागला असता असे मी म्हणत नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते एवढ्याकडेच की मनुष्याच्या टेबलाच्या खणात सापडलेली, कोणत्यातरी कामासाठी केलेली एक नोंद संदर्भातून उचलून न्यायासनापुढे ठेवली म्हणजे तिचा अर्थ ती ठेवणाऱ्याच्या हाती जातो. टिळकांच्या घरी असे कार्ड एक सापडले. आज महाविद्यालयात जाणाऱ्या कोणत्याही मुलाच्या मोबाईलमध्ये त्याने काय शोधले, काय वाचले, कोणाला रात्री दीड वाजता काय लिहिले आणि लिहून काय पुसले, यांच्या अशा हजारो नोंदी तारीखवार लावून ठेवलेल्या असतात.

फौजदारी कोर्टाच्या आवारात ज्यांचे येणेजाणे आहे त्यांना पंचनाम्याची भाषा परिचित असेल. ‘एक काळ्या रंगाचा मोबाईल हँडसेट, जुना वापरता, किंमत अंदाजे आठ हजार रुपये’, त्यापुढे आयएमईआयचा पंधरा अंकी क्रमांक, मग सिमकार्डाचा क्रमांक, आणि खाली पंचांच्या सह्या. चोरीची मोटारसायकल, रक्ताचे डाग असलेला कोयता, गावठी दारूचा कॅन यांच्या जोडीला मोबाईललाही मुद्देमालाची चिठ्ठी लागते. कोयता ताब्यात आला म्हणजे कोयत्याविषयी जाणण्यासारखे जे असते ते बहुतेक हाती आलेले असते. राहिलेले रासायनिक परीक्षक सांगतो. मोबाईल ताब्यात आला म्हणजे मात्र अद्याप काहीच हाती आलेले नसते. त्यानंतर जे घडते, म्हणजे तो उघडणे, त्याची प्रत काढणे, त्यातील पत्रव्यवहार, छायाचित्रे, बँकेचे व्यवहार आणि हिंडण्याफिरण्याचा इतिहास वाचणे, ते सर्वस्वी निराळे कृत्य आहे. यंत्र ताब्यात घेण्याचा अधिकार आणि यंत्रातील मजकूर वाचण्याचा अधिकार हे दोन भिन्न अधिकार होत. आपल्या कायद्याने पहिल्याची तपशीलवार व्यवस्था लावलेली आहे, दुसऱ्याची जवळजवळ लावलेलीच नाही, आणि पहिला अधिकार हाती असलेला अंमलदार दुसराही आपल्यापाशी आहे असे गृहीत धरून चालतो. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे.

प्रथम जे लिहिलेले आहे ते पाहू. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम ९४ अन्वये न्यायालयास समन्स काढून, अथवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास लेखी आदेश देऊन, एखादा दस्तऐवज वा वस्तू हजर करण्यास सांगता येते, आणि अंकीय पुरावा असण्याचा संभव असलेल्या दळणवळणाच्या साधनांचा या कलमात आता नावानिशी समावेश झाला आहे. (१८९८ च्या संहितेत हीच तरतूद कलम ९४ मध्ये होती, १९७३ साली ती ९१ वर गेली आणि आता पुनश्च स्वस्थानी आली, नव्या कायद्याने जुन्या वकिलांची केलेली ही बहुधा एकमेव सोय.) आदेश लेखी असला पाहिजे, ही गोष्ट कलमातच आहे. शिवाय जुन्या ९४ कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साठच्या दशकात असा निर्णय दिला की ते आरोपीला लागू होत नाही. साक्षीदाराला किंवा त्रयस्थाला वस्तू आणून दे म्हणता येते, आरोपीला आपल्याविरुद्धचा पुरावा स्वहस्ते आणून दे म्हणता येत नाही. त्याच्याकडून तो घ्यावयाचा तर झडती घेऊन घ्यावा लागतो.

झडती साधारणतः न्यायालयाच्या वॉरंटाने व्हावी हा नियम, आणि वॉरंटावाचून व्हावी हा कलम १८५ चा अपवाद. या अपवादाचा आधार घेणाऱ्या अधिकाऱ्याने, विलंब केल्यास वस्तू मिळणार नाही असे आपणास का वाटते, आणि नेमकी कोणती वस्तू हवी आहे, हे आधी लिहून ठेवावे लागते आणि त्या लेखाची नक्कल तत्काळ, फार तर ४८ तासांच्या आत, दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. ज्याच्या जागेची झडती झाली त्याने अर्ज केल्यास त्यालाही ती विनामूल्य मिळते. कलम १०६ अन्वये गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली मालमत्ता पोलीस ताब्यात घेऊ शकतात, पण त्याची वर्दी दंडाधिकाऱ्याला द्यावी लागते. अटक झालेल्या माणसाच्या अंगझडतीची व्यवस्था कलम ४९ मध्ये आहे, आणि त्याच्याजवळून काढून घेतलेल्या वस्तूंची पावती त्याला मिळाली पाहिजे.

याच ४९ व्या कलमात, स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच आणि शालीनतेची पूर्ण दक्षता घेऊन घेतली पाहिजे, असे म्हटले आहे. १८९८ च्या संहितेतही ते होते. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील कायदा करणाऱ्यांना जी मर्यादा सुचली ती स्त्रीच्या मोबाईलच्या बाबतीत आजच्या कायद्यात कोठेही आढळत नाही. तिचा बटवा उघडण्यास स्त्री शिपाई हवी, आणि तिने आपल्या बहिणीला पाठविलेली छायाचित्रे, डॉक्टरला विचारलेले प्रश्न, नवऱ्याशी झालेले भांडण, हे सर्व ठाण्यातील कोणीही पुरुष कर्मचारी चहा पिता पिता वाचू शकतो. ही विसंगती दुष्ट हेतूने निर्माण झाली असे नव्हे. मोबाईलला कायद्याने वस्तू मानले, आणि वस्तूला लज्जा नसते.

आता रस्त्यावर येऊ. २०२१ च्या ऑक्टोबरात हैदराबादेत पोलीस वाहने थांबवून लोकांच्या मोबाईलमधील संदेशांत गांजाचा उल्लेख शोधीत असल्याच्या चित्रफिती प्रसिद्ध झाल्या होत्या, आणि असे प्रसंग एकाच शहरापुरते घडतात असे मानण्याइतके भाबडे आपण कोणी नाही. नाकाबंदीत ‘जरा फोन दाखव’, ‘लॉक काढ’ असे एखादा हवालदार म्हणतो, तेव्हा तो संहितेच्या कोणत्या कलमाखाली बोलत असतो? मी वर सांगितलेली कलमे पुन्हा डोळ्यांपुढे आणा. लेखी आदेश नाही, वॉरंट नाही, नोंदविलेली कारणे नाहीत, अटक नाही, विशिष्ट गुन्ह्याचा तपासही नाही. वाहनाचे कागद तपासण्याचा अधिकार आहे. संदेश वाचण्याचा नाही. राहते ती केवळ आपली संमती, आणि गणवेशातील माणसाने रात्री अकरा वाजता मागितलेली संमती कितपत मोकळी असते हे मी सांगावयास नको. तथापि ती एकदा दिली की पुढे ‘त्याने स्वखुशीने फोन उघडून दिला’ असे कागदावर येते. अशा वेळी वाद न घालता, आवाज न चढविता, ‘साहेब, फोन पाहण्याचा हुकूम लेखी द्या, कोणत्या गुन्ह्याचा तपास आहे ते सांगा,’ एवढे म्हणावे. यापुढे एक पाऊलही जाऊ नये. फोन हिसकावून घेतला गेला तर झटापट करू नये, कारण सरकारी कामात अडथळ्याचा आरोप त्यातूनच उभा राहतो. आणि तपास चालू आहे हे समजल्यावर संदेश पुसण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मुळात निर्दोष असलेली माणसे या एका कृत्यामुळे आरोपी झाल्याची उदाहरणे वकिलांच्या पाहण्यात असतात.

हे सर्व संहितेचे झाले. संविधानाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९५४ साली एम. पी. शर्मा प्रकरणात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की अवाजवी झडतीला मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखी तरतूद आपल्या संविधानकारांनी केलेली नसल्यामुळे ती ओढूनताणून आणता येणार नाही, आणि झडतीत वस्तू सापडणे म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे नव्हे. १९६१ साली, द्वैभाषिक मुंबई राज्याच्या नावाने चाललेल्या काथी कालू ओघड प्रकरणात, अकरा न्यायमूर्तींनी, आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू न देणाऱ्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडाची मर्यादा आखून दिली: बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने हे शरीराचे धर्म आहेत, साक्ष नव्हे, साक्ष म्हणजे स्वतःला असलेल्या ज्ञानाचे निवेदन. पुढे २०१० साली सेल्वी प्रकरणात इच्छेविरुद्ध केलेल्या नार्को व तत्सम चाचण्या घटनाबाह्य ठरल्या, कारण तेथे औषधाच्या वा यंत्राच्या साहाय्याने मनातीलच मजकूर काढला जातो. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे जाहीर करून १९५४ च्या निर्णयातील विरुद्ध विधान रद्द केले. या अधिकारावर घाला घालावयाचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा, आणि साधन हेतूच्या प्रमाणात हवे.

या शेवटच्या कसोटीवर मोबाईलचे वाचन घासून पाहा. मारहाणीच्या एका गुन्ह्यात घटनेच्या रात्री आरोपीने कोणास फोन केला एवढे हवे असताना त्याची पाच वर्षांची छायाचित्रे, आईच्या आजाराचे अहवाल आणि पतपेढीचे हप्ते वाचणे हे कोणत्या प्रमाणात बसते? वॉरंटात कोणता मजकूर, कोणत्या कालावधीतला, कशासाठी, हे लिहिलेले असावे, अशी मागणी आरोपीच्या वकिलाने केल्यास ती लहरीपणाची समजू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच, रायली प्रकरणात, अटकेतील माणसाच्या खिशातील वस्तू तपासण्याचा जुना अधिकार त्याच्या मोबाईलमधील मजकुरापर्यंत पोहोचत नाही आणि त्यासाठी सामान्यतः वॉरंट लागते, असे एकमुखाने ठरविले. आपल्याकडे त्या दिशेचा ठळक निर्णय मार्च २०२१ मधला, कर्नाटक उच्च न्यायालयाचा. वीरेंद्र खन्ना प्रकरणात न्या. सूरज गोविंदराज यांनी, तातडीचा प्रसंग वगळता मोबाईलच्या झडतीसाठी वॉरंट आवश्यक मानले, आणि त्यातील खाजगी मजकूर न्यायालयाच्या परवानगीवाचून त्रयस्थांस देऊ नये असे बजावले. मात्र त्याच निकालात, पासवर्ड सांगण्यास लावणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असेही म्हटले आहे. आणि येथे माझा त्या न्यायालयाशी सविनय मतभेद आहे.

काथी कालू ओघड प्रकरणातील कसोटी ज्ञानाच्या निवेदनाची आहे. पासवर्ड माझ्या बोटात नाही, चेहऱ्यात नाही. तो मला ठाऊक आहे, आणि तो सांगणे म्हणजे मला जे ठाऊक आहे ते सांगणे. एवढेच नव्हे, तर तो सांगताना हे यंत्र माझ्या वहिवाटीतले आहे असाही कबुलीजबाब मी देत असतो. २०२२ च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने आरोपीला पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला, आणि २०२३ च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानेही जामिनाच्या एका प्रकरणात, अनुच्छेद २० मधील संरक्षण लक्षात घेता, खटला चालू असताना आरोपीवर अशी जबरदस्ती करता येत नाही, असे मत दिले. पोलिसांच्या हाती पर्याय उरत नाही असे नव्हे: न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सक्षम अधिकाऱ्याचा रीतसर हुकूम मिळवून सांकेतिक मजकूर उलगडून मागण्याची वाटही आहे, जरी त्या कलमाचा आणि अनुच्छेद २० चा मेळ आरोपीच्या बाबतीत कसा घालावयाचा हा वाद आहेच.

बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणाऱ्या मोबाईलची स्थिती याहून नाजूक आहे. ठसा हा शरीराचा धर्म, म्हणून तो घेता येतो, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. पण कायदा ठसा घेऊ देतो तो ताडून पाहण्यासाठी, दुसऱ्या ठशाशी जुळतो की नाही हे ठरविण्यासाठी. बोट धरून यंत्रावर टेकविणे आणि कुलूप उघडणे हे ताडून पाहणे नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ अन्वये दंडाधिकारी बोटांच्या ठशांचा नमुना देण्याचा हुकूम करू शकतात. नमुना आणि किल्ली यांतील भेद न्यायालयांना आज ना उद्या करावाच लागेल. तोवर ज्याला सावध राहावयाचे आहे त्याने आकडी पासवर्ड ठेवावा, कारण कायद्याचे छत्र त्यावरच अधिक घट्ट आहे.

या ठिकाणी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. झडती बेकायदेशीर ठरली तरी तिच्यातून हाती आलेला पुरावा आपल्याकडे आपोआप बाद होत नाही. १९७३ च्या पूरणमल निर्णयाने ते स्पष्ट केले. १९८० च्या सुमारास मुंबईतील चोरट्या सोन्याच्या एका प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने झडतीतील दोषामुळे जप्ती निष्फळ होत नाही असे म्हटले. म्हणून मी वर सांगितलेले सारे नियम मोडणाऱ्या अंमलदाराला त्याचे फळ मिळतेच, आणि नियम पाळणाऱ्याला ते मिळण्यास उशीर होतो. प्रामाणिक अधिकाऱ्याला नाउमेद करणारी याहून परिणामकारक योजना शोधून काढणे कठीण. पुट्टस्वामी निर्णयानंतर या जुन्या सिद्धांताला तडा जाऊ लागला आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने, सार्वजनिक सुरक्षेचे कारण नसताना दूरध्वनी संभाषणे चोरून ऐकण्याचे हुकूम रद्द ठरविले आणि त्यांतून मिळालेले ध्वनिमुद्रण नष्ट करावयास सांगितले.

तो सिद्धांत पुरता ढासळेपर्यंत नागरिकाचे खरे रक्षण कागदात आहे. संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे चित्रण, शक्यतो मोबाईलवरच, करणे आवश्यक केले आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे गेले पाहिजे. अशा रीतीने नव्या कायद्यात एक मोबाईल मुद्देमाल आणि दुसरा पंच झाला. चित्रण चालू आहे काय हे विचारावे. पंच परिसरातील आहेत की प्रत्येक पंचनाम्यावर सही करणारे ठाण्याचे ठरलेले गृहस्थ आहेत, हे पाहावे. पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक, फोन चालू की बंद, आणि तो सीलबंद केला की नाही, हे लिहून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचा तो हॅश व्हॅल्यू नावाचा आकडा. यंत्रातील मजकुरावरून गणिती रीतीने काढलेली ही खूण अशी असते की मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती बदलते. जप्तीच्या वेळी ती नोंदविली म्हणजे नंतर कोणी काही घातले वा काढले तर ते उघडकीस येते. भीमा-कोरेगाव प्रकरणात जप्त संगणकांतील फाइली बाहेरून घुसविलेल्या होत्या असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ साली दिला आणि तपास यंत्रणेने तो नाकारला. त्या वादाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. परंतु मजकूर कोणी घातला असा वाद ज्या काळात उद्भवू शकतो त्या काळात ही खूण आरोपीइतकीच पोलिसांच्याही हिताची आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे पक्के केले, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील नमुन्यात आता हॅशचा रकानाच आहे.

मोबाईलमध्ये त्याचा धनी एकटा नसतो, ही गोष्ट मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. पक्षकार आणि वकील यांच्यातील, पती आणि पत्नी यांच्यातील संभाषणाला साक्ष अधिनियमाने संरक्षण दिले आहे. पत्रकाराला माहिती पुरविणारा माणूस, डॉक्टरचे रुग्ण, शिक्षिकेच्या वर्गातील मुलांचे पालक, यांपैकी कोणावरही कसलाही आरोप नसतो. जप्तीनंतर ही सर्व मंडळी एकाच प्रतीत उतरतात आणि त्यांना वेगळे काढण्याची पद्धत कायद्यात नाही. प्राध्यापकांच्या व पत्रकारांच्या याचिकांवर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला यासंबंधी नियम करावयास सांगितले. डिसेंबरात सरकारने, तूर्त सीबीआयच्या २०२० च्या नियमपुस्तिकेप्रमाणे चालू, असे आश्वासन दिले. ती पुस्तिका एका खात्याची अंतर्गत सूचना आहे. तालुक्याच्या ठाण्यातील फौजदाराने ती पाहिलेली असण्याचे कारण नाही, आणि ती मोडली म्हणून त्याच्यावर कारवाईही होत नाही.

शेवटी परतीचा प्रश्न. मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षे पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई देसाई प्रकरणात निक्षून सांगितले आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ व ५०३ अन्वये दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून मुचलक्यावर मोबाईल परत मागता येतो; ज्याचा धंदा, बँक आणि रिक्षाचे भाडेसुद्धा त्या यंत्रावर चालते त्याने हा अर्ज पहिल्या आठवड्यातच करावा. त्याच अर्जात आणखी एक मागणी जोडावी असे मी तरुण वकिलांना सुचवीन. यंत्र परत आले तरी त्याची काढलेली प्रत प्रयोगशाळेत आणि तपासी अंमलदाराच्या पेनड्राइव्हवर राहतेच. ती कोणाकडे, किती काळ राहावी आणि गुन्ह्याशी संबंध नसलेला भाग केव्हा पुसावा, हे संहितेत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ध्वनिमुद्रण नष्ट करण्याचा जो हुकूम दिला तो संभाषण चोरून ऐकण्याबाबतचा होता, मोबाईलच्या प्रतीबाबतचा नव्हता. पण त्यातील तर्क येथे लागू पडत नाही असे म्हणावयाचे असल्यास ते सरकारी वकिलांना कारणे देऊन म्हणावे लागेल, आणि दंडाधिकाऱ्यांना त्यावर कारणे देऊन हुकूम लिहावा लागेल.